किबला बरोबर होता तरी मशीद पाडली: कौमान मोहल्ल्याचं एक प्रकरण

शाळा, ट्रस्ट, जमात असलं काही चालवणाऱ्या लोकांना उपयोगी पडेल म्हणून हे लिहितोय. इंडोनेशियातली मुहम्मदिया ही संघटना आज हजारो शाळा, दीडशेच्या वर कॉलेजं-विद्यापीठं आणि शिवाय दवाखाने चालवते, आणि तिच्याबद्दल लिहिताना सगळे १९१२ पासून सुरू करतात. मला त्याच्या आधीची चौदा वर्षं जास्त इंटरेस्टिंग वाटतात, कारण त्या काळात संस्थापकाने एक सुधारणा करून बघितली, ती सपशेल फसली, आणि पुढे तो जे शहाण्यासारखं वागला त्याचं मूळ त्या फसण्यात आहे. त्या संस्थापकाचं, अहमद दहलान यांचं, नाव घ्यावंच लागेल. बाकीची माणसं पदावरून आणि नात्यावरून ओळखूया, नावांची गर्दी नको.

पार्श्वभूमी

योग्यकार्ता म्हणजे जावा बेटावरची सुलतानाची राजधानी, सल्तनत १७५५ ची. राजवाड्यासमोरच्या मैदानाच्या पश्चिमेला १७७३ मध्ये मोठी मशीद बांधली, मस्जिद गेडे. तिच्या भोवती मशिदीची कामं करणाऱ्या लोकांची वस्ती झाली ती कौमान. अरुंद गल्ल्या, एकमेकांत लग्नं झालेली घरं, पुरुष मशिदीच्या सेवेत आणि घरात बाटिकच्या कापडाचा धंदा, ज्यात बायकांचा मोठा हात. म्हणजे पैसा बऱ्यापैकी होता, मान होता, आणि तो सगळा मान सुलतानाकडून आलेला. वर डच सरकार होतंच, पण मशिदीत शब्द चालायचा पेंघुलूचा. पेंघुलू म्हणजे सुलतानाने नेमलेला धर्माचा सगळ्यात मोठा अधिकारी, नमाजपासून लग्न आणि वारसाहक्कापर्यंत सगळं त्याच्या हाताखालून जायचं.

दहलान याच मोहल्ल्यात १८६८ साली जन्मले, मूळ नाव मुहम्मद दरविश. वडील मोठ्या मशिदीचे खतीब, म्हणजे शुक्रवारच्या नमाजचं प्रवचन देणारे. १८८३ ला पोरगं मक्केला गेलं, पाच वर्षं तिथं शिकलं, नवीन नाव घेऊन परत आलं. वडील गेल्यावर खतीबाचं पद यांच्याकडे आलं. त्यांनी इल्मे फलक म्हणजे ग्रहताऱ्यांचं, दिशांचं आणि वेळांचं गणित चांगलं शिकून घेतलं होतं. गाडी इथंच अडली.

अडचण

नमाज मक्केतल्या काबाच्या दिशेने पढायची, त्या दिशेला किबला म्हणतात. जावात सगळे सरसकट पश्चिमेला तोंड करायचे, आणि मोठी मशीद तर शहराच्या आखणीप्रमाणे नाकासमोर पश्चिमेला बांधलेली. पण जावा विषुववृत्ताच्या दक्षिणेला आणि मक्का उत्तरेला, त्यामुळे योग्यकार्त्यात खरा किबला पश्चिमेपासून साधारण २४-२५ अंश उत्तरेकडे सरकतो. हा फरक थोडाथोडका नाही. नकाशावर सरळ पश्चिमेला रेघ मारली तर ती पूर्व आफ्रिकेत जाऊन पोचते. (मुंबईत हाच फरक साधारण १० अंशांचा आहे, म्हणून आपल्याकडे तो पटकन कोणाच्या डोळ्यात भरत नाही.)

गणित दहलान यांच्या बाजूने होतं यात काही शंका नाही. प्रश्न गणिताचा नव्हताच पण. मोठ्या मशिदीची दिशा चुकली म्हणायचं म्हणजे सव्वाशे वर्षं ज्यांनी तिथं इमामत केली ते सगळे चुकले, ज्या सुलतानाने बांधली तो चुकला, आणि आत्ताचा पेंघुलू रोज लोकांना चुकीच्या बाजूला उभं करतोय असं म्हणायचं. हे कोण म्हणतंय, तर तिशीतला खतीब, पेंघुलूच्या हाताखालचा माणूस, ज्याच्या वडलांनीही जन्मभर त्याच दिशेला तोंड केलं. पेंघुलूला लोक नंतर व्हिलन करून टाकतात ते मला पटत नाही. त्याच्या खुर्चीत बसून बघा, उद्या दिशा बदलली तर परवा लोक विचारणार की मग आजवरच्या नमाजांचं काय, आणि उत्तर द्यायला तोच पुढे.

समोर काय काय पर्याय होते

गप्प बसणं हा पहिला. स्वतःपुरतं अंग थोडं तिरकं करून उभं राहायचं आणि कोणाला काही बोलायचं नाही. बरेच जाणकार तेव्हा हेच करत असणार असं मला वाटतं, निदान माणसाचा स्वभाव बघता.

दुसरा, वरच्यांना खाजगीत पटवणं, आधी पेंघुलू मग जमलं तर सुलतान. वेळ लागला असता पण पटलं असतं तर एका हुकमात काम झालं असतं. तिसरा, उलेम्यांची बैठक बोलावून चर्चा करणं, म्हणजे एकट्याचं मत न राहता विद्वानांचं मत होईल. चौथा, मोठ्या मशिदीला हात न लावता आपल्या ताब्यातल्या जागेत बरोबर दिशा लावून दाखवणं. दहलान यांच्याकडे वडलांची घराजवळची छोटी मशीद होती, तिकडे लंग्गर म्हणतात, तिथं मुलं कुराण शिकायची, शेजारपाजारचे नमाजला यायचे. आणि पाचवा पर्याय, गाव सोडणं. तो तेव्हा यादीत नसेल, पण नंतर आला.

दहलान यांनी तिसरा आणि चौथा निवडला. दुसरा त्यांनी सोडून का दिला हे मला सगळ्यात जास्त खटकतं, त्यावर खाली येतो.

काय केलं

१८९८ च्या सुमाराला त्यांनी योग्यकार्त्यातले आणि आजूबाजूचे सतरा उलेमा आपल्या छोट्या मशिदीत रात्री बोलावले. पुस्तकं आणली, चर्चा पहाटेपर्यंत चालली असं सांगतात. निर्णय काही झाला नाही. भांडणही झालं नाही म्हणा, सगळे सलाम करून आपापल्या घरी गेले.

इथं पहिला मोठा निर्णयाचा टप्पा हातातून गेला. बैठक संपली आणि पुढचं पाऊल काय ते ठरलंच नाही. अशा बैठका आपण सगळ्यांनी केल्यात, चहा झाला, बोलणं झालं, मिनिट्समध्ये "सविस्तर चर्चा झाली" असं लिहिलं की संपलं. पण बैठकीला नुसतं ऐकायला बसलेले काही जण असतात आणि त्यांच्या डोक्यात विषय शिजत राहतो. तसंच झालं. थोड्या दिवसांनी लोक नमाजला मोठ्या मशिदीत आले तर फरशीवर पांढऱ्या रेघा मारलेल्या, तिरक्या, खऱ्या किबल्याप्रमाणे सफ म्हणजे नमाजची रांग कशी लावायची ते दाखवणाऱ्या. रेघा दहलान यांनी मारल्या नव्हत्या, ती त्या रात्री ऐकायला बसलेल्यांची करामत होती असं सांगतात. पण गावात कोण विचारतंय कुणी मारल्या, विषय कुणाचा ते सगळ्यांना माहीत.

पेंघुलू भडकला. रेघा पुसायला लावल्या. माझ्या मते गोष्ट खरी इथं बिघडली, कारण तोवर तो एक मसला होता आणि रेघा मारल्यावर ती सुलतानाच्या मशिदीत घुसून केलेली आगळीक झाली. आता पेंघुलूला मागे येण्याची वाटच उरली नाही. रात्री गुपचूप, कुणाला न विचारता, दुसऱ्याच्या अंगणात. गणित कितीही बरोबर असेना, असं वागल्यावर समोरचा माणूस गणित बघतच नाही.

यानंतर दहलान यांनी आपली छोटी मशीद नव्याने बांधली, खऱ्या किबल्याच्या दिशेला. आता हा चौथा पर्याय एरवी सगळ्यात शहाणा होता, जागा स्वतःची, खर्च स्वतःचा. पण रेघांच्या प्रकरणानंतर लगेच केल्याने तो पर्याय राहिला नाही, आव्हान झालं. पेंघुलूकडून निरोप आला की पाडा. दहलान नाही म्हणाले. परत निरोप, परत नाही. शेवटी रमजानच्या एका रात्री माणसं आली आणि त्यांनी मशीद पाडून टाकली. पाडणारे परके नव्हते, त्याच गल्ल्यांतले, त्याच मशिदीच्या पगारावरचे.

दहलान बायकोला घेऊन गाव सोडायला निघाले, कायमचे. मुहम्मदियाच्या आठवणींत हा प्रसंग फार सांगतात की मोठी बहीण आणि मेहुणे धावत पळत मागे गेले, स्टेशनवरनं समजूत काढून परत आणलं आणि मेहुण्याने शब्द दिला की मशीद परत बांधून देतो. बांधलीही. मात्र तडजोड अशी झाली की इमारतीचं तोंड मोठ्या मशिदीसारखंच पश्चिमेला आणि आत नमाजच्या रेघा खऱ्या दिशेला.

ही तडजोड मला सगळ्या प्रकरणातली सगळ्यात हुशार गोष्ट वाटते आणि ती ना दहलान यांनी केली ना पेंघुलूने, ती घरच्या माणसांनी केली. बाहेरून बघणाऱ्याला पेंघुलूचा मान राहिलेला दिसतो, आत उभं राहणाऱ्याची नमाज बरोबर दिशेला होते. रात्रभर बसलेल्या सतरा उलेम्यांना जे सुचलं नाही ते बहीण-मेहुण्यांनी केलं.

मग दहलान बदलले

पुढच्या काही वर्षांत ते पुन्हा मक्केला गेले, दीड-दोन वर्षं राहिले, इजिप्तमधल्या मुहम्मद अब्दुह आणि रशीद रिदा यांचं सुधारणेचं लिखाण वाचलं. परत आल्यावर मोठ्या मशिदीच्या फरशीचा विषय त्यांनी असा परत काढलाच नाही. त्याऐवजी जिथं कुणाची आधीची मालकी नाही अशा जागा शोधल्या.

१९०९ मध्ये बुदी उतोमो या जावाच्या सुशिक्षित लोकांच्या संघटनेत गेले. मौलवी माणूस, डोक्याला पागोटं, आणि बसतोय सुटाबुटातल्या सरकारी नोकरांत. त्या ओळखीतून जेटिसच्या सरकारी शिक्षक-शाळेत, म्हणजे आपल्याकडच्या ट्रेनिंग कॉलेजसारख्या ठिकाणी, शाळेच्या वेळाबाहेर धर्माचे तास घ्यायची परवानगी मिळाली. तिथं त्यांनी बाक, फळा, तासाची घंटा हे सगळं जवळून बघितलं.

आणि मग स्वतःच्या घरात शाळा काढली. बाहेरच्या खोलीत, लांबी सहा मीटर, रुंदी अडीच, तीन टेबलं, तीन लांब बाकं, एक फळा आणि सुरुवातीला आठ मुलं. रीतसर उद्घाटन १ डिसेंबर १९११. धर्माबरोबर लिहिणं-वाचणं, गणित, सगळं एकाच छताखाली. आत्ता आपल्याला यात काय विशेष वाटेल, पण तेव्हा धर्म शिकायचा तो चटईवर उस्तादाभोवती गोल करून आणि बाकावर बसायचं ते डचांच्या शाळेत, मध्ये काही नाही. म्हणून लोक त्यांना काफिर मौलवी म्हणाले. मागेलांगहून आलेल्या एका मौलवीने तोंडावरच विचारलं की डचांसारखी बाकं-फळा कशाला वापरता, तर दहलान यांनी त्याला विचारलं तुम्ही इथपर्यंत आलात कसे. म्हणाला रेल्वेने. मग रेल्वे कुणाची, चालत जायला पाहिजे होतं तुम्ही. मौलवी गप्प. हा किस्सा तिकडे सगळ्यांना तोंडपाठ असतो.

पण नुसता किस्सा म्हणून बघू नका, इथं पद्धत बदललीय. किबल्याच्या वेळी ते पुस्तकं उघडून विद्वानांना पटवायला बसले होते. बाकांच्या वेळी आधी बाकं ठेवली, मुलं बसवली, आणि जो आक्षेप घेईल त्याला त्याच्याच रोजच्या वागण्यातलं उदाहरण दिलं. शिवाय खोली स्वतःची होती, तिथली बाकं पाडायला रात्री कोण येणार.

दुसरा फरक, एकट्यावर ठेवलं नाही. जेटिसच्या विद्यार्थ्यांपैकी एकाने सुचवलं की तुम्ही गेल्यावर शाळेचं काय, संघटना काढा. १८ नोव्हेंबर १९१२ ला मुहम्मदिया झाली. मान्यतेच्या अर्जासाठी बुदी उतोमोचे लोक मदतीला आले. पेंघुलूचा याही वेळी अडथळा आला, आणि कारण मजेशीर सांगतात, की त्याच्या कानावर गेलं दहलान "रेसिडेन्ट" होणार, म्हणजे त्या भागातला सगळ्यात मोठा डच साहेब, हे कसं सहन होईल. खरं होतं "प्रेसिडेन्ट". समजावल्यावर मिटलं. यावेळी मध्ये पडून समजावणारे लोक होते, १८९८ ला तसं कुणी नव्हतं, हा मोठा फरक.

सरकारनेही सावधपणा केलाच. १९१४ ला मान्यता दिली पण फक्त योग्यकार्त्यापुरती. मग दुसऱ्या गावांतल्या लोकांनी वेगवेगळ्या नावांनी आपापल्या संस्था काढल्या आणि काम तेच केलं. १९२१ मध्ये सगळ्या डच वसाहतीत शाखा काढायची मोकळीक मिळाली तेव्हा जाळं अर्धं विणून तयार.

निकाल

१९१४ ला पेंघुलू बदलले, नवीन आले ते दहलान यांच्या जवळचे. त्याच साली दहलान यांच्या पत्नी सिती वालिदा यांनी मोहल्ल्यातल्या बायका-मुलींचे वर्ग चालवणारं मंडळ उभं केलं आणि १९१७ ला त्याचीच आइसिया झाली, मुहम्मदियाची बायकांची संघटना, १९१९ ला कौमानमध्ये बालवाडी. बाटिकच्या धंद्यात या बायका हिशेब ठेवायच्या, माणसं सांभाळायच्या, म्हणून संघटना चालवणं त्यांना नवीन नव्हतं असं माझं मत. इतिहासात त्यांना एक परिच्छेद मिळतो आणि मीही इथं तेच करतोय, पण विषय किबल्याचा आहे.

वर्गातलाही एक प्रसंग सांगतो. कुराणातली अल-माऊन ही छोटी सूरा, अनाथांना हाकलणाऱ्याची आणि नमाजीला ताकीद देणारी, दहलान दिवसेंदिवस तीच शिकवत राहिले. मुलं कंटाळली, म्हणाली पाठ झाली की. त्यांनी विचारलं वागण्यात आणली का. नाही म्हटल्यावर गरिबांना शोधायला बाहेर पाठवलं, घरी न्या, अंघोळ घाला, खायला द्या, मग पुढची सूरा. १९२३ च्या फेब्रुवारीत मुहम्मदियाचा पहिला दवाखाना सुरू झाला आणि त्याच महिन्यात दहलान वारले.

किबल्याचं काय झालं? आज कौमानच्या मोठ्या मशिदीत गेलात तर इमारत तशीच पश्चिमेला आणि आत सफांच्या रेघा तिरक्या, उत्तरेकडे वळलेल्या. म्हणजे बहीण-मेहुण्याची तडजोडच शेवटी मोठ्या मशिदीत पोचली. आणि तरी विषय संपला म्हणाल तर नाही, २०१० च्या मार्चमध्ये इंडोनेशियाच्या उलेमा परिषदेने फतवा जाहीर केला की आपला किबला पश्चिम, त्यावर आरडाओरडा झाला आणि त्याच वर्षी जुलैत नवा फतवा काढून वायव्य करावा लागला. एकशे बारा वर्षांनी!

वेगळं काय करता आलं असतं

एक, वर म्हटलं तसं पेंघुलूला आधी एकट्याने भेटणं. हे नंतर ते शिकले याला पुरावा आहे. ईद कुठल्या दिवशी यावरून असाच तिढा होता, दरबाराचा ग्रेबेग उत्सव जुन्या जावानी पंचांगाने व्हायचा आणि ईदही त्यालाच बांधलेली. यावेळी दहलान थेट सुलतानाकडे गेले, गाजावाजा न करता. सांगतात की सुलतान म्हणाला ईद तुमच्या हिशेबाने करा, ग्रेबेग आमच्या पंचांगाने होईल. दोघांचंही राहिलं. किबल्यात हेच "इमारत तुमची, सफ बरोबर" असं आधीच मांडता आलं असतं.

दोन, बैठकीनंतर आपल्या तरुण मंडळींना आवरणं. सतरा उलेमा बोलावले पण ऐकायला बसलेल्या पोरांना कुणी सांगितलं नाही की आता काय करायचं आणि काय नाही. उत्साही माणसाला काम दिलं नाही तर तो स्वतः शोधतो. मोहल्ल्यातल्या प्रत्येक संस्थेत असा एक ग्रुप असतो, आजकाल तो व्हॉट्सअॅपवर रेघा मारतो एवढंच.

तीन, वेळ. रेघांचा राग निवेपर्यंत वर्ष-दोन वर्षं छोटी मशीद तशीच ठेवली असती तर बहुतेक पाडली गेली नसती. यावर वाद होऊ शकतो. काही जण म्हणतील की पाडली म्हणूनच लोकांची सहानुभूती मिळाली. मला पटत नाही, कारण पुढच्या दहा-बारा वर्षांत त्या सहानुभूतीचं काही झालेलं दिसत नाही, झालं ते शाळेमुळे.

आणि चौथं, थोडं तांत्रिक आहे पण मला सगळ्यात आवडतं. पुस्तकांवर रात्रभर वाद घालण्यापेक्षा दिवसा सावली दाखवता आली असती. वर्षातून दोनदा सूर्य बरोबर काबाच्या डोक्यावर येतो, त्या क्षणी जिथं जिथं सूर्य दिसतो तिथं काठी सरळ उभी करा, सूर्याकडे तोंड केलं की किबला. हे फलकवाल्यांना माहीत असतं. जावात तेव्हा सव्वाचार-साडेचारची वेळ असते, ऊन चांगलं असतं. घड्याळाचं गणित तेव्हा जरा किचकट होतं पण दहलान यांना येण्यासारखं. मैदानात काठी रोवून पेंघुलूलाच बोलावलं असतं की हुजूर तुम्हीच बघा, तर चुकीचा ठपका कुणावर आलाच नसता. सूर्याशी कोण भांडणार.

आपल्याकडे कुणाला करून बघायचं असेल तर २८ मेला दुपारी साधारण २ वाजून ४८ मिनिटांनी आणि १६ जुलैला २ वाजून ५७ मिनिटांनी. एक-दोन दिवस मागेपुढे झालं तरी फारसा फरक पडत नाही. कोकणातल्यांनी मात्र मे मधलाच दिवस धरा, १६ जुलैला सूर्य दिसला तर मला कळवा.